गेमविषयी मत लिहिताना: कन्सोल आणि हँडहेल्डच्या नव्या परीक्षकांसाठी

१० डिसेंबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ हा गेम बाजारात आला. त्याआधी प्रसिद्ध झालेली बहुतेक परीक्षणे कौतुकाची होती आणि ती लिहिणाऱ्यांनी खोटे काहीही लिहिलेले नव्हते. त्यांच्या हाती आगाऊ पडलेली प्रत पीसीवरची होती, आणि स्वतः टिपलेले चित्रीकरण परीक्षणासोबत दाखवण्याची मुभा त्यांना नव्हती. ज्यांनी हाच गेम जुन्या प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वनवर घेतला, त्यांच्या पडद्यावर मात्र रस्ते धूसर होते, चित्र अडखळत होते आणि गेम मधूनच बंद पडत होता. जेमतेम आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला आणि मागेल त्याला पैसे परत देऊ केले. तिथे तो परतला तो जून २०२१ मध्ये. कौतुक करणारे आणि संतापलेले असे दोघेही आपापल्या पडद्यावर दिसले तेच सांगत होते. मधला फरक यंत्राचा होता, आणि कन्सोलवर पैसे खर्च करणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने सारे काही त्या एका फरकावर अवलंबून होते.

गेमवरचे मत लिहायला घेणाऱ्याने हे प्रकरण सुरुवातीलाच समजून घ्यावे. छापील पुस्तकाची अक्षरे सर्वांना सारखीच दिसतात. गेम मात्र यंत्र, पडदा, आवृत्ती आणि खेळणाऱ्याचा हात अशा चौघांच्या संगतीने घडतो. त्यामुळे मत कोणत्या परिस्थितीत बनले याची नोंद जितकी चोख, तितकी त्या मताची पत. चमकदार भाषा, विनोद, गुणांचा आकडा हे सगळे त्यानंतरचे. प्रत्यक्ष काम ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी: वहीचे पहिले पान

गेम सुरू करण्यापूर्वी वहीत काही गोष्टी उतरवून ठेवाव्यात: यंत्राचे पूर्ण नाव, गेमच्या आवृत्तीचा क्रमांक, तारीख, प्रत विकत घेतली की प्रकाशकाकडून मिळाली, आणि खेळ टीव्हीवर चालला आहे की हातातल्या पडद्यावर. यंत्राचे ‘पूर्ण’ नाव म्हणण्याचे कारण असे, की ‘प्लेस्टेशन ४’ एवढे लिहून भागत नाही. २०१६ मध्ये आलेले प्लेस्टेशन ४ प्रो हे मूळ यंत्रापेक्षा बरेच ताकदवान आहे आणि तोच गेम दोन्हींवर वेगळा चालतो. प्लेस्टेशन ५ वरचे अनेक गेम मांडणीच्या यादीत, म्हणजे सेटिंग्जमध्ये, दोन पर्याय देतात, एक चित्राच्या तपशिलाला प्राधान्य देणारा आणि दुसरा चित्राच्या प्रवाहीपणाला. तुम्ही कोणता निवडला होता हे न सांगता ‘गेम अडखळतो’ असे लिहिले, तर दुसरा पर्याय निवडलेला वाचक तुम्हाला खोटे ठरवील, आणि त्याचे काही चुकणार नाही.

निन्टेन्डो स्विचने हा गुंता आणखी वाढवला. मार्च २०१७ मध्ये आलेले हे यंत्र टीव्हीच्या खोबणीत बसवले की १०८०पी पर्यंतचे चित्र देते आणि हातात घेतले की ६.२ इंची पडद्यावर ७२०पी (हा आकडा चित्रातल्या आडव्या ओळींचा; जितका मोठा तितके चित्र रेखीव). त्याच्यासोबतच आलेला ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ टीव्हीवर ९००पी आणि हातात ७२०पी चालतो. म्हणजे एकाच काडतुसात, अर्थात गेमच्या कार्डात, दोन गेम असतात असे समजून दोन्ही रीतींनी खेळावे आणि दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी.

टीव्हीवर खेळत असाल तर आणखी एक दक्षता घ्यावी. बहुतेक टीव्ही येणाऱ्या चित्रावर आपली प्रक्रिया करून ते अधिक गुळगुळीत दाखवतात आणि त्यात थोडा वेळ खातात. तो वेळ वाचवण्यासाठी ‘गेम मोड’ नावाची सोय दिलेली असते. सुरुवातीच्या काळात मी एका गेमबद्दल ‘बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते’ असे ठासून लिहिले होते आणि त्या उशिरावर तीन परिच्छेद खर्च केले होते. पुढे दुसऱ्याच कामासाठी टीव्हीची मांडणी उघडली, तेव्हा कळले की गेम मोड बंद होता. दोष माझ्या टीव्हीचा होता, आणि शिक्षा गेमला झाली होती. तेव्हापासून हे तपासल्याखेरीज मी उडीविषयी अवाक्षर काढत नाही.

दुसरी पायरी: खेळताना टिपणे

आठवणीवर विसंबून लिहिलेले परीक्षण ओळखू येते. त्यात शेवटचा टप्पा फार असतो, मधला भाग नसतोच, आणि विशेषणांची रेलचेल असते. म्हणून खेळतानाच टिपणे काढावीत. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे काय घडले ते आणि उजवीकडे त्याने काय वाटले ते लिहावे. ही रेघ दिसते साधी, पण नवोदितांच्या लेखनातला निम्मा गोंधळ ती दूर करते, कारण घटना आणि निवाडा यांची सरमिसळ तिथेच थांबते.

उदाहरण ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चेच घेऊ. त्यात जवळपास कोणताही डोंगर हाताने चढता येतो, पण पाऊस लागला की कडा निसरडा होतो. माझ्या वहीतली डाव्या बाजूची नोंद अशी आहे: ‘निम्म्याहून अधिक चढून झाल्यावर पाऊस. चार-पाच पकडी घेतल्या की घसरण, चढलेले बरेचसे वाया. दमाचे चक्र संपत आले. कपारीत आडोसा सापडला. लाकडांचा भारा आणि चकमकीचा दगड टाकून शेकोटी पेटवली, सकाळ होईपर्यंत बसलो. पाऊस थांबलेला.’ उजव्या बाजूला त्या क्षणी लिहिले होते: ‘वैताग.’ आणि त्याच्याखाली, बहुधा थोड्या वेळाने, वेगळ्या शाईत: ‘पण आडोसा शोधायला लावला तो पावसानेच.’

आता याचे मत कसे होते पाहा. उजवीकडचा पहिला शब्द तेवढा उचलला, तर वाक्य बनेल, ‘पावसामुळे चढाई कंटाळवाणी होते.’ ते खोटे नाही, पण त्यातून वाचकाला काही कळत नाही, कारण एखाद्याला हाच पाऊस आवडू शकतो. दोन्ही नोंदी आणि डावीकडची घटना एकत्र घेतली, तर असे लिहिता येते: ‘पाऊस चढाई अडवतो तेव्हा खेळाडूपुढे दोनच मार्ग उरतात, थांबणे किंवा रस्ता बदलणे, जवळ लाकूड आणि चकमक असेल तर थांबणे हाही एक डावपेच ठरतो, नसेल तर ती निव्वळ खोळंबून राहण्याची शिक्षा होते, आणि गेम ही दुसरी शक्यता पुरेशी टाळत नाही.’ हे वाक्य वाचून पाऊस आपल्याला रुचेल की नाही हे वाचक स्वतः ठरवू शकतो. परीक्षणातल्या वाक्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करू नये आणि यापेक्षा कमीही करू नये.

तिसरी पायरी: हाताला जे कळते

चित्र आणि कथा यांविषयी कोणीही बोलू शकतो, कारण चित्रपट आणि कादंबऱ्या यांनी ती भाषा आपल्याला शिकवलेली असते. बटण दाबणे आणि पडद्यावर काही होणे यांमधले नाते ही गेमची खास गोष्ट आहे, आणि नवोदित नेमके तिथेच ‘कंट्रोल चांगले आहेत’ असे म्हणून मोकळे होतात.

थोडी गणिते माहीत असावीत. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रे, दाखवणारा गेम दर ३३.३ मिलिसेकंदांनी नवे चित्र देतो, ६० फ्रेमचा गेम दर १६.७ मिलिसेकंदांनी. मारामारीच्या किंवा शर्यतीच्या गेममध्ये हा फरक हाताला कळतो. संथ, आळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या गेममध्ये त्याने फारसे बिघडत नाही. सरासरी आकड्यापेक्षाही सातत्य महत्त्वाचे असते: सलग ३० फ्रेम हे ४५ आणि ६० च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या चित्रापेक्षा पुष्कळदा सुसह्य वाटतात. एकेक फ्रेम मोजण्याचे काम ‘डिजिटल फाउंड्री’सारखे तंत्रविश्लेषक साधने लावून करतात, ते तुम्ही करण्याची गरज नाही. चित्र कुठे अडखळले, तेव्हा पडद्यावर काय चालले होते आणि त्यामुळे तुमचा एखादा डाव हुकला का, एवढे लिहिले तरी पुरे.

उडीची परीक्षा मात्र प्रत्येकाने घरी करावी. एखाद्या कड्याच्या टोकापर्यंत धावत जावे आणि मुद्दाम किंचित उशिरा, म्हणजे पाय कड्याबाहेर गेल्यावर, बटण दाबावे. २०१८ चा ‘सेलेस्ट’ अशा वेळीही उडी मारू देतो. जमीन सुटल्यानंतरचा क्षणभराचा अवधी त्याच्या निर्मात्यांनी मुद्दाम माफ केलेला आहे. जमिनीला पाय टेकण्याच्या जरा आधी बटण दाबले तरी ती उडी तो लक्षात ठेवतो. हा गेम अतिशय कठीण म्हणून ओळखला जातो, आणि तरीही हरल्यावर खेळाडूचा राग गेमवर निघत नाही, यामागे या न दिसणाऱ्या सवलतींचा मोठा वाटा आहे. ‘कठीण पण न्याय्य’ हा परीक्षणांतला झिजलेला शब्दप्रयोग वापरायचाच असेल, तर त्यातले ‘न्याय्य’ कशाने आले हे दाखवावे लागते. तसेच या गेममध्ये वेग कमी करण्याची, दम संपू न देण्याची, एवढेच काय, मरणच टाळण्याची सोय आहे. ती सुरू करून खेळला असाल तर तसे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे.

चौथी पायरी: हँडहेल्डची परीक्षा वेगळी

हातातल्या यंत्रावरचा गेम टीव्हीवरच्या गेमचा धाकटा भाऊ समजून तपासणे ही जुनी चूक आहे. १९८९ मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला तेव्हा त्याच्या पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके आणि करड्या-हिरवट रंगाच्या चार छटा होत्या, आणि पडद्यामागे दिवा नव्हता. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला. ठिपके तेवढेच, पण रंगीत आणि उजळ. कागदावर स्पर्धा तिथेच संपायला हवी होती. परंतु गेम गिअर सहा पेन्सिल सेलवर तीन ते पाच तास चालायचा आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट. गेम बॉय, नंतरचा रंगीत अवतार धरून, ११ कोटी ८० लाखांहून अधिक खपला. गुनपेई योकोई या त्याच्या रचनाकाराचा आग्रहच असा होता, की जुने, स्वस्त आणि पारखून झालेले तंत्र नव्या रीतीने वापरावे. ज्यांनी दोन पडदे शेजारी ठेवून निकाल दिला, त्यांनी पडद्यांची तुलना अचूक केली आणि यंत्रांची चुकीची.

तेव्हा हँडहेल्डवरचा गेम तपासताना पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. यंत्र पूर्ण चार्ज करून, पडद्याचा उजेड मधल्या पातळीवर ठेवून, बॅटरी संपेपर्यंत तोच गेम खेळावा आणि वेळ लिहून ठेवावी. यंत्राच्या डब्यावर छापलेला आकडा कोणत्या गेमवर मोजला होता हे तुम्हाला ठाऊक नसते. खिडकीशी उजेडात बसून अंधाऱ्या गुहेचा एखादा प्रसंग खेळावा. स्पीकर बंद करून खेळावे, कारण हँडहेल्ड पुष्कळदा चारचौघांत आवाजाविना खेळला जातो, आणि केवळ आवाजातून धोक्याची सूचना देणारा गेम तिथे अन्याय करतो. खेळ मधेच थांबवून यंत्र झोपवावे, दुसऱ्या दिवशी उघडावे आणि आपण काय करत होतो हे गेम आठवून देतो का ते पाहावे. हवे तिथे सेव्ह करता येते, की पुढचे ठिकाण गाठेपर्यंत वीस मिनिटे अडकून पडावे लागते, हेही नोंदवावे. टीव्हीसमोर बसलेल्याला ती वीस मिनिटे जाणवतही नाहीत. प्रवासात उतरण्याची वेळ झालेल्याला तीच फार महाग पडतात.

आणि अक्षरे. मोठ्या पडद्यासाठी रचलेला गेम लहान पडद्यावर आणला की सर्वांत आधी अक्षरे मार खातात. २०१५ चा ‘द विचर ३’ २०१९ मध्ये स्विचवर आला, तेव्हा एवढे अवाढव्य जग त्या लहानशा यंत्रात बसवले ही कसबाची गोष्ट होती आणि ती तशीच सांगितली पाहिजे. हातात धरून खेळताना चित्र मऊ आणि पुसट दिसते हेही तितकेच सांगितले पाहिजे. पण साठवणीच्या यादीतले औषधींचे वर्णन हाताच्या अंतरावरून वाचता येते का, हा प्रश्न चित्राच्या स्पष्टतेपेक्षा वेगळा आहे आणि पुष्कळ तासांच्या गेममध्ये तो अधिक छळतो. माझी कसोटी सोपी आहे: कोपर मांडीवर टेकवून, नेहमीच्या अंतरावर यंत्र धरून एखाद्या वस्तूचे पूर्ण वर्णन मोठ्याने वाचावे. यंत्र आपोआप डोळ्यांजवळ येऊ लागले, की अक्षरे बारीक आहेत.

हाताच्या थकव्याबद्दल सलग दीड तास खेळल्याशिवाय लिहू नये. पहिल्या वीस मिनिटांत सगळीच यंत्रे हलकी वाटतात.

पाचवी पायरी: किती खेळावे

पूर्ण न खेळता लिहावे का, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. शंभर तासांचा गेम प्रत्येक वेळी संपवणे शक्य नसते, आणि ‘टेट्रिस’ला तर शेवट म्हणतात तसा शेवटच नाही. किती खेळलो हे स्पष्ट लिहिले आणि निवाडा तेवढ्यापुरता ठेवला, की बहुतेक आक्षेप मावळतात. ‘पहिल्या बारा तासांत कथा हलत नाही’ हे वाक्य बारा तास खेळलेल्याने निर्धास्तपणे लिहावे. ‘कथा हलतच नाही’ हे त्याने लिहू नये.

शेवट कोणता मानावा, इथे मात्र सावध राहावे. २०१७ चा ‘निअर: ऑटोमाटा’ पहिल्यांदा संपतो, श्रेयनामावली सरकते, आणि बराचसा खेळ, त्यातही कथेचा गाभा, तिथून पुढे उरलेला असतो. गेम स्वतःच तसे सुचवतो. पहिल्या नामावलीशी थांबून ‘कथा अपुरी’ असे लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे खेळले असेल, पण त्याचे परीक्षण अर्ध्या पुस्तकाचे झाले.

दुसरा धोका परीक्षणानंतर येतो. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड’ जून २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात खऱ्या पैशांनी गेममधली नाणी विकत घेण्याची सोय नव्हती. ती ऑगस्टमध्ये, परीक्षणे छापून झाल्यावर, घालण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’च्या लूट बॉक्सवरून (आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या बक्षिसांच्या पेट्या) एवढा गदारोळ झाला, की प्रकाशनाच्या तोंडावर खऱ्या पैशांनी होणारी खरेदी बंद करावी लागली. गेममध्ये दुकान असेल तर त्यातून काय मिळते, तीच वस्तू न विकत घेता किती तासांत मिळते आणि दुकानाची आठवण गेम किती वेळा करून देतो, ही तीन उत्तरे परीक्षणात असावीत. दुकान नसेल तर ‘आज, या आवृत्तीत, नाही’ असे लिहावे.

सहावी पायरी: निवाड्याची भाषा

‘ग्राफिक्स जबरदस्त’ या दोन शब्दांनी मराठीतली परीक्षणे जितकी बिघडवली तितकी दुसऱ्या कशानेही नाही. चित्राच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात, यंत्राची ताकद किती वापरली आणि चित्रकाराने काय ठरवले होते. ‘झेल्डा’ मालिकेतला ‘द विंड वेकर’ २००१ मध्ये प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याच्या कार्टूनसारख्या रूपाची पुष्कळांनी टर उडवली, कारण त्यांना अधिक वास्तव चित्र अपेक्षित होते. आज तो गेम उघडून पाहावा. त्याच सुमाराचे, वास्तवाशी झोंबी घेणारे कितीतरी गेम आता मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसतात, आणि हा अजून समुद्राच्या वाऱ्यासारखा ताजा आहे. ‘वास्तव’ हा शब्द स्तुती म्हणून वापरण्यापूर्वी गेमला वास्तव व्हायचे होते का, हे विचारावे.

‘व्यसन लावणारा’, ‘मजेदार’, ‘तासन्‌तास गुंतवणारा’ यांनाही रजा द्यावी. खेळाडू यंत्र खाली ठेवत नाही याची कारणे अनेक असू शकतात: डाव लहान आहे, हरल्यावर लगेच पुन्हा सुरू होतो, पुढचे बक्षीस दिसत असते, किंवा गेम रोज न आल्यास काही हिरावून घेतो. यातले पहिले कौशल्य आहे आणि शेवटचा कावा. एकच विशेषण दोन्हींना लावले तर वाचकाची दिशाभूल होते.

कथा आणि खेळ यांचे जुळते का, हे अवश्य पाहावे. क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’वर लिहिताना या विसंगतीला एक भारदस्त नाव दिले आणि ते पुढे इतके वापरले गेले, की आता ते नाव न घेतलेलेच बरे. कथेतला नायक दयाळू आहे आणि बटणे मात्र त्याच्याकडून शेकडो माणसे मारून घेतात, असे साध्या शब्दांत म्हटले तरी मुद्दा पोचतो.

भाषेचा आणखी एक बारीक प्रश्न आहे. ‘तो गेम’ की ‘ती गेम’, ‘लेव्हल’ की ‘पातळी’, ‘बॉस’ला काय म्हणावे? मराठीत यावर एकमत झालेले नाही आणि त्यासाठी थांबण्याचे कारणही नाही. एक रूप निवडून लेखभर तेच ठेवावे. खेळणाऱ्याच्या तोंडी असलेला शब्द सोडून बनवलेला संस्कृत प्रतिशब्द वापरला, तर जाणकार हसतात आणि नवख्याला कळत नाही.

सातवी पायरी: गुण

आकडा द्यावाच असे नाही. युरोगेमर या गेमविषयक संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण देणे बंद केले आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत आणली; दोन्ही निर्णयांना कारणे होती. द्यायचाच असेल तर मजकूर पूर्ण झाल्यावर द्यावा. आधी आकडा ठरला की परिच्छेद त्याची वकिली करू लागतात.

जपानमध्ये १९८६ पासून निघणाऱ्या ‘फामित्सू’ या गेमविषयक नियतकालिकाची रीत इथे अभ्यासण्यासारखी आहे. चार परीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात आणि बेरीज ४० पैकी मांडली जाते. पहिले ४० पैकी ४० मिळाले ते १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ला. बेरजेपेक्षा मला त्यातली फूट मोलाची वाटते. ९, ९, ९, ५ आणि ८, ८, ८, ८ यांची बेरीज ३२ च होते, पण पहिल्या गेममध्ये कोणालातरी काहीतरी खुपले आहे आणि ते काय हे वाचावेसे वाटते.

अनेक परीक्षणांचे गुण एकत्र मांडणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाचा आकडा ही भारित सरासरी असते. कोणत्या प्रकाशनाला किती वजन हे ते उघड करत नाहीत, आणि तारे, अक्षरश्रेणी, दहापैकी गुण हे सगळे शंभराच्या मापात बसवले जाते. तुम्ही पाचपैकी तीन तारे ‘बरा आहे’ अशा अर्थाने दिलेत, तर तिथे त्याचे ६० होतात आणि ६० हा गेमच्या जगात नापासाचा आकडा समजला जातो. या आकड्यांवर माणसांची मिळकतही टांगलेली असू शकते: २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले असते तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस होता आणि सरासरी ८४ वर थांबली, असे त्या कंपनीचे ख्रिस अव्हेलोन यांनीच २०१२ मध्ये सांगितले. म्हणून गुण वाढवून द्यावेत असे मुळीच नाही. पण सात आणि आठ यांत आपण काय फरक मानतो, हे एकदा लिहून भिंतीवर लावावे आणि दर वेळी तेच माप वापरावे.

गर्दीच्या गुणांवर विसंबू नये. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ जून २०२० मध्ये आला त्याच दिवशी, एवढा मोठा गेम संपवणे शक्य नसताना, त्याच्यावर शून्यांचा वर्षाव झाला. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने प्रकाशनानंतर ३६ तास वापरकर्त्यांची मते स्वीकारायची नाहीत असा नियम केला. खपावरूनही निवाडा करू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ यांच्या पहिल्या तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्या आणि त्याच तीन दिवसांत त्यांच्या अडखळत्या चित्राच्या तक्रारीही तितक्याच जोमाने आल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आठवी पायरी: प्रसिद्ध करण्यापूर्वी आणि नंतर

प्रत फुकट मिळाली असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे. प्रकाशकाने घातलेल्या अटी, उदाहरणार्थ अमुक तारखेपूर्वी लिहू नये किंवा अमुक प्रसंग उघड करू नये, पाळायच्या असतील तर त्या पाळल्याचेही सांगावे. कथेचे रहस्य फोडायचे असेल तर आधी ताकीद द्यावी. निर्मात्यांच्या चुका दाखवाव्यात, त्यांची लायकी काढू नये. मूळ गेम एका चमूने केलेला असतो आणि दुसऱ्या यंत्रावर तो आणण्याचे काम अनेकदा दुसऱ्याच चमूकडे असते, तेव्हा राग कोणावर हेही ठाऊक असावे लागते. मग यंत्र सुरू ठेवून लेख वाचावा आणि प्रत्येक ठोस विधान पडद्यावर ताडून पाहावे: ते शस्त्र खरोखर तिथेच मिळते का, ते दार त्या बाजूला आहे का. दर लेखात एखादी तरी चूक सापडते.

प्रसिद्ध झालेला मजकूर गुपचूप बदलू नये. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा आश्वासने आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीवर कडक टीका झाली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे आलेल्या मोफत अद्यतनांनी त्या गेमचा कायापालट केला. २०१६ चे परीक्षण त्यामुळे चुकीचे ठरत नाही. ते २०१६ च्या गेमचे आहे, एवढेच. जुना मजकूर जागेवर ठेवून त्याखाली नवी नोंद जोडावी. मोठे अद्यतन आले की वही काढावी, यंत्र चार्ज करावे, तेच प्रसंग पुन्हा खेळावेत, तेच वर्णन त्याच अंतरावरून मोठ्याने वाचावे आणि तारखेसह लिहावे: ‘नव्या आवृत्तीत, हातात धरून, पुन्हा तीन तास खेळून पाहिले. गुहेतले अडखळणे गेले आहे. अक्षरे अजून बारीकच आहेत.’